आधी जेवणाचं टेबल, मग वाट : होप ते एडेल, मित्रमंडळींची रविवारची पायपीट

राजगड उतरून आल्यावर पायथ्याच्या गावात एखाद्या ओसरीवर पिठलं-भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा समोर येतो. त्या जेवणाची चव ज्याला ठाऊक आहे, त्याला इंग्लंडमधलं ‘पब लंच’ वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सकाळी डोंगर, दुपारी गावातल्या पबमध्ये गरम जेवण, अंधाराआधी घरी. इथल्या लोकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि आपल्या ट्रेकच्या सवयीशी ती सहज जुळते.

मँचेस्टर-शेफील्डच्या बाजूला नव्याने आलेली मंडळी मला नेहमी विचारतात, की आठ-दहा जणांना घेऊन असा दिवस काढायचा तर सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे : शेवटापासून. आधी टेबल राखा, मग जेवणाच्या वेळेतून मागे मोजत वाट ठरवा. बहुतेक जण याच्या उलट करतात. सुंदर वाट निवडतात, निवांत चालतात आणि पावणेतीनला भुकेलेले पबच्या दारात उभे राहतात, तेव्हा स्वयंपाकघर अडीचलाच बंद झालेलं असतं. आमच्यावर ही वेळ एकदा आली. सात जणांनी बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं वाटून खाल्ली आणि त्यातली दोघं आमच्याबरोबर पुन्हा कधी आली नाहीत. तेव्हापासून मी उलट्या क्रमानेच आखणी करतो.

उदाहरणासाठी पीक डिस्ट्रिक्टमधली होप ते एडेल ही वाट घेतो. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. मँचेस्टर आणि शेफील्डला जोडणारा रेल्वेमार्ग त्याच्या मधून जातो. होप आणि एडेल ही त्यावरची लागोपाठची दोन स्थानकं. एका स्थानकावर उतरायचं, डोंगराच्या धारेवरून चालत जायचं आणि दुसऱ्या स्थानकावरून परतीची गाडी धरायची. कार पार्क केलेल्या जागी परत यायची कटकट नाही आणि पबमध्ये कोणी काय प्यावं याचीही चिंता नाही.

पहिलं काम : टेबल

एडेल हे छोटं गाव आहे. स्थानकाजवळ रॅम्बलर इन आहे आणि गावाच्या वरच्या टोकाला ओल्ड नॅग्स हेड. हा दुसरा पब १५७७ सालचा मानला जातो आणि पेनाइन वे या ४३१ किलोमीटरच्या पायवाटेची सुरुवात त्याच्यापासून होते. ती वाट १९६५ साली खुली झाली आणि स्कॉटलंडमधल्या कर्क येथॉमपर्यंत जाते. दारात पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेला कोणी दिसला, तर तो बहुधा तिकडेच निघालेला असतो. त्याला शुभेच्छा द्या.

चार जण असाल तर टेबल न राखताही जागा मिळू शकते. सहाच्या वर गेलात की आठवडाभर आधी फोन करा. संकेतस्थळावरच्या वेळांवर विसंबू नका, कारण गावाकडच्या पबच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि काही ठिकाणी सोमवार-मंगळवारी स्वयंपाकघर बंदच असतं. फोनवर नेमकं हे विचारा : पब नव्हे, स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू आहे? चिखलाचे बूट चालतात का? कुत्रा आणला तर बसायला जागा कुठे? मुलं असतील तर तेही सांगा. मोठ्या गटाकडे काही पब आगाऊ रक्कम किंवा पदार्थांची यादी मागतात. यादी मागितली तर आनंदाने द्या, जेवण वेळेवर येतं.

रविवारी ‘संडे रोस्ट’, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्हीचं जेवण असतं आणि ते मोजकंच शिजवलेलं असतं. तीन वाजेपर्यंत गेलात तर वाढतील असं ते सांगतीलही, पण तोवर त्यातलं काय उरलेलं असेल याची खात्री कोणी देत नाही. म्हणून दोन ते सव्वादोनचं टेबल उत्तम.

गट किती मोठा असावा? माझ्या अनुभवात सहा ते दहा. बाराच्या पुढे गेलं की चालताना तीन तुकड्या पडतात आणि पबमध्ये एक टेबल मिळत नाही.

आता मागे मोजा

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला, तो इथले लोक आजही वापरतात. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास वाढवा. आपली वाट साधारण १२ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ पाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे सुमारे सव्वातीन तास.

पण हा एकट्या, सरावलेल्या माणसाचा वेग झाला. मित्रांचा गट तसा चालत नाही आणि चालूही नये. कोणाची बुटाची नाडी सुटते, कोणाला मेंढरांचा फोटो हवा असतो, कोणाला तीन महिन्यांनी भेटलेल्या मैत्रिणीशी बोलायचं असतं. म्हणून त्यात गटासाठी पाऊण तास धरा आणि चहापाण्याला आणखी पाऊण तास. सव्वादोनचं टेबल असेल तर साडेनऊला होप स्थानकाबाहेर पाय वाटेला लागलेले हवेत. रविवारी सकाळच्या गाड्या उशिरा सुरू होतात, तेव्हा टेबल सांगण्याआधी वेळापत्रक बघा. गाडी दहाला पोचत असेल तर टेबल पावणेतीनला घ्या, किंवा वाट तोडा. ती कुठे तोडायची ते पुढे सांगतो. तीन ते नऊ जण एकत्र, गर्दीची वेळ टाळून जाणार असाल, तर बऱ्याच रेल्वे कंपन्या तिकिटावर एक-तृतीयांश सवलत देतात. तिकिटं एकाने एकत्र काढावीत.

वेग ठरवायचा तो गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पायांवरून. ते कोण असेल हे तुम्हाला आधीच माहीत असतं. त्या व्यक्तीला पुढून दुसऱ्या क्रमांकावर चालवा. मागे ठेवलं की ती कायम धावत राहते : पुढचे थांबून दम खातात आणि ही पोचली की लगेच निघतात, म्हणजे विश्रांती सगळ्यांना मिळते, तिला सोडून. सगळ्यांत मागे एक पक्का, शांत गडी ठेवा. प्रथमोपचाराची पिशवी आणि शिट्टी त्याच्याकडे.

वाट

होप स्थानक गावाच्या पूर्वेला आहे. मोठ्या रस्त्याच्या कडेने दहा-पंधरा मिनिटांत गावातलं चर्च येतं. तिथून उत्तरेला एडेल रोड फुटतो आणि थोड्या अंतरावर डावीकडे लूज हिलची पायवाट लागते. रेल्वे ओलांडून, शेतांमधून ती वर चढते. हा पहिला चढ दिवसातला सगळ्यात मोठा आहे, तीनशे मीटरचा. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चढा. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झालाय.

लूज हिलचा माथा ४७६ मीटरवर आहे. शेफील्डचे जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० साली कामगारवर्गातल्या लोकांना घेऊन पायी भटकणारा एक क्लब काढला आणि हयातभर डोंगरवाटांवर चालण्याच्या हक्कासाठी ते झगडले. १९४५ साली तिथल्या भटक्यांच्या संघाने त्यांच्या सन्मानार्थ लूज हिलवरची जमीन त्यांना दिली. वॉर्ड यांनी ती नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवली, म्हणजे सगळ्यांसाठी खुली केली. ‘वॉर्ड्‌स पीस’ असं त्या जागेचं नाव आहे. पहिला चहा तिथे घ्या.

इथून पुढे पश्चिमेला जाणारी डोंगराची धार म्हणजे ग्रेट रिज. डाव्या हाताला होप व्हॅली, कासलटन गाव आणि सिमेंट कारखान्याची उंच चिमणी. उजवीकडे एडेलचं खोरं आणि त्यापलीकडे किंडर स्काउटचं काळपट पठार, ६३६ मीटर उंच. थोड्याच वेळात बॅक टॉर हा धारेवरचा खडकाळ उंचवटा येतो. त्याच्या पश्चिमेचा उतार उभा आणि झिजलेला आहे आणि पावसानंतर दगड निसरडे होतात. नवख्यांना इथे घाई करू देऊ नका. सह्याद्रीत उतरताना जसं पाऊल आडवं टाकतो तसंच टाका, आणि एकावेळी एकानेच उतरा.

किंडरकडे पाहताना सोबतच्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हे पठार पूर्वी खाजगी शिकारीसाठी राखलेलं होतं आणि सामान्यांना तिथे बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारच्याच दिवशी, शेकडो तरुण कामगार हेफील्ड गावातून निघून बंदी मोडत वर गेले. राखणदारांशी झटापट झाली आणि त्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि २००० साली माळरानांवर मोकळं हिंडण्याचा हक्क मिळाला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं तेही १९३२ सालीच. त्या वर्षी या देशात पाय रोवणाऱ्या आपल्या माणसांना हा डोंगर खुला नव्हता. आज आपण डबे घेऊन त्याच्यासमोर बसतो, हे मला दरवेळी मोलाचं वाटतं.

बॅक टॉरनंतर धार खाली उतरत हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत येते. एडेलमध्ये सतराव्या शतकात स्वतःचं चर्च होईपर्यंत तिथले लोक आपली मृत माणसं याच खिंडीतून पलीकडे कासलटनला दफनासाठी नेत.

ही खिंड म्हणजे आपल्या वेळापत्रकाची किल्ली. इथे घड्याळ बघा. साडेबाराच्या आत असाल तर पुढे मॅम टॉर हा डोंगर करून परत याच खिंडीत या. उशीर झाला असेल, कोणाचा गुडघा कुरकुरत असेल किंवा ढग खाली आले असतील, तर इथूनच उजवीकडे एडेलला उतरा. जवळजवळ तीन किलोमीटर आणि तासभर वाचतो. हा निर्णय निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे खिंडीत चर्चा रंगत नाही आणि कोणालाही आपल्यामुळे राहिलं असं वाटत नाही. दमलेले थेट खाली आणि उरलेले वर, अशी फूटही चालेल. मात्र प्रत्येक तुकडीत नकाशा वाचणारा एक हवा.

मॅम टॉर ५१७ मीटर. वाटेवर फरश्या बसवलेल्या आहेत आणि माथ्यावर प्राचीन टेकडीदुर्गाच्या तटांच्या खुणा आहेत. पूर्वेची बाजू सतत ढासळते, म्हणून त्याला थरथरता डोंगर म्हणतात. त्याच्या पायथ्याचा मोठा रस्ता दरडींनी इतका मोडला की १९७९ साली तो कायमचा बंद केला. वरून त्या रस्त्याचे तुकडे दिसतात. वारा जोरात असतो, दहा मिनिटांत फोटो काढून निघा.

खिंडीतून एडेलकडे उतरताना पायवाट कुरणांतून जाते, नोए नदी ओलांडते आणि रस्त्याला लागते. स्थानकावरून पुढे गल्लीने दहा-पंधरा मिनिटांत चर्च आणि त्यापुढे ओल्ड नॅग्स हेड.

सोबत काय घ्यावं

थोडक्यात सांगतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. ऊन असलं तरी पाणी न शिरणारं जाकीट सॅकमध्ये हवंच. घोटा धरणारे बूट, कोरड्या मोज्यांचा जादा जोड, ऑक्टोबर ते एप्रिल टोपी-हातमोजे आणि टॉर्च. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल १ हा १:२५,००० चा कागदी नकाशा घ्या. मोबाइलवरचा नकाशा चालतो, पण खोऱ्यात रेंज जाते, म्हणून तो आधीच उतरवून ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या या नकाशावर हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. बारीक तुकडे म्हणजे फक्त पायी, लांब तुकडे म्हणजे घोडे आणि सायकलीही. प्रत्यक्ष खांबांवर पायवाटेला पिवळा बाण असतो, घोडेवाटेला निळा.

खायला प्रत्येकी दोन लाडू, एखादी दशमी किंवा पोळीचा रोल आणि थर्मासमध्ये चहा. याहून जास्त नको, पुढे जेवण आहे. उरलेला डबा पबमध्ये उघडू नका, ते तिथे वाईट दिसतं.

अपघात झालाच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. रेंज नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

शेतं, फाटकं, गाई

वाट शेतकऱ्याच्या जमिनीतून जाते. आपल्याला चालायचा हक्क आहे, पण घर त्याचं आहे. फाटक जसं मिळालं तसंच सोडा : बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण जनावरं पाण्यावर जावीत म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. गटात शेवटच्या माणसाने फाटक पाहायचं, असं ठरवूनच टाका. दगडी कुंपणावर चढू नका, ओलांडायला पायऱ्या केलेल्या असतात.

गाई गोठ्यातल्या गाईंसारख्या वाटतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. वासरू सोबत असेल तर लांबून वळसा घाला, गाय आणि वासराच्या मधून कधीही जाऊ नका. कुत्रा सोबत असेल आणि गाई अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या, तो स्वतःला वाचवतो. माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीवरच हवा, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. उन्हाळ्यात उंच गवतातून आल्यावर घरी गोचीड बघा, विशेषतः मुलांच्या गुडघ्यामागे आणि केसांच्या कडेला. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जा.

पबमध्ये

दारातच बूट काढा किंवा चिखल नीट पुसा. आम्ही पातळ चपला नेतो. ओली जाकिटं खुर्च्यांवर पसरू नका.

अनेक गावाकडच्या पबमध्ये टेबलापाशी कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून बारपाशी जायचं, सगळ्यांचं जेवण एकत्र सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. बारपाशी रांग दिसत नाही, पण कोण कोणाच्या आधी आलं हे सगळ्यांच्या डोक्यात असतं. पैसे हलवून किंवा हाक मारून लक्ष वेधायचं नाही. तुमच्या आधी आलेल्याला सोडून तुम्हाला विचारलं तर ‘आधी ते’ म्हणा. एवढ्या एका गोष्टीने तिथली माणसं तुम्हाला आपलं मानतात.

मित्रांमध्ये आळीपाळीने सगळ्यांची पेयं घ्यायची ‘राउंड’ची रीत आहे. दहा जणांत ती जड जाते, कारण कमी पिणारा सगळ्यांत जास्त पैसे देतो. तीन-तीन जणांचे छोटे राउंड करा किंवा सरळ आपली काँट्री काढा. जेवणाचा हिशेब एकाने भरून नंतर वाटून घ्यावा. बारपाशी दहा कार्डं काढू नका.

बिअरचं म्हणाल तर हातपंपाने ओढलेली एल थंडगार नसते. ती तळघराच्या तापमानाला, साधारण १२ अंशांना देतात, आणि तिची चव तशीच कळते. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, अर्धाही मागता येतो. कोणती घ्यावी कळत नसेल तर घोटभर चाखायला मागा, आनंदाने देतात. न पिणाऱ्यांसाठी लाइम-सोडा, जिंजर बिअर आणि चहा असतो. पबमध्ये बसून चहा मागण्यात काहीही कमीपणा नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र चार प्रश्न जरूर विचारावेत. ग्रेव्ही मांसाच्या रसाची आहे का? चिप्स कशात तळता, कारण उत्तरेकडे काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. भाजलेले बटाटेही तसेच का? यॉर्कशायर पुडिंगच्या साच्याला कोणती चरबी लावली? हे पुडिंग नावाने गोड वाटलं तरी मैदा, अंडी आणि दुधाचं तिखट-मिठाच्या जेवणासोबतचं फुगलेलं वाडगं आहे, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी ते टाळावं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते : पिंपातली एल निवळण्यासाठी पूर्वापार माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. चालत नसेल तर व्हीगन बिअर कोणती ते विचारा. शाकाहारी रोस्ट म्हणून सुकामेव्याचा ‘नट रोस्ट’ मिळतो. एकादशी असेल तर सालीसकट भाजलेला जॅकेट पोटॅटो, नुसतं लोणी आणि मीठ घालून मागा. आमच्यातली एक मावशी दरवेळी तोच मागवते आणि रताळ्याची आठवण काढते.

गोडात स्टिकी टॉफी पुडिंग किंवा ॲपल क्रम्बल. दोघांत एक पुरतं.

न चालणाऱ्यांसाठी

या आखणीतलं मला सर्वांत आवडणारं हे आहे. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात. कोणाचं बाळ दोन महिन्यांचं असतं, कोणाचं ऑपरेशन झालेलं असतं. त्यांनी होपला उतरायचंच नाही. बाराच्या सुमारास थेट एडेलला उतरून, गल्लीने हळूहळू, चर्चपाशी थांबत पबपर्यंत यायचं. चढ हलका आहे. चालणारे पोचतात तेव्हा ही मंडळी टेबलाशी बसलेली असतात आणि ‘किती उशीर केलात’ म्हणत पाणी पुढे करतात. अर्धे धारेवरून आले, अर्धे गाडीने, पण ताटं एकत्र येतात. टेबल राखताना हा आकडा धरायला विसरू नका.

परतीची गाडी दोन्ही दिशांना साधारण तासाला एक असते. पबमधून निघायचं ते गाडीच्या अर्धा तास आधी, आई-बाबांच्या वेगाने. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गाड्या वेगवेगळ्या फलाटांवर लागतात, तेव्हा निरोप स्थानकात शिरण्याआधीच घ्या. गाडी चुकलीच तर रॅम्बलर इन शेजारीच आहे आणि तिथे चहा मिळतो.